शाळा सोडल्याची तारीख

१

नामदेवराव गुरुजींचं घड्याळ कधी चुकलं नाही आणि गुरुजी घड्याळाला कधी चुकले नाहीत. रिटायर होऊन वर्ष उलटलं, तरी हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात साडेदहाला हजेरी व्हायची म्हणजे व्हायचीच. आंघोळ, चहा, पेपर आटोपला की गुरुजी खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि छप्पन सालच्या सातवीच्या वर्गातली बत्तीस नावं पटावरच्या क्रमाने म्हणायचे. प्रत्येक नावानंतर श्वासभर थांबायचे. एकतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाची ती जपमाळच म्हणा ना.

"लोकांच्या घरी सकाळी रामरक्षा असते," पद्मावतीबाई भाजी चिरता चिरता म्हणायच्या. "आमच्याकडे लिंबाजी, भुजंग आणि चंपत."

"लिंबाजीने काय पाप केलंय?"

"पाप नाही केलं, पण कार्डही नाही टाकलं."

इथे मात्र गुरुजींचा चेहरा पडायचा, कारण बाईंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलेलं असायचं. त्या वर्गातली तेरा मुलं आईबापांबरोबर मराठवाड्यात गेली होती. निघताना प्रत्येकाच्या हातात गुरुजींनी एकेक पोस्टकार्ड दिलं होतं. त्यावर स्वतःच्या हाताने स्वतःचा पत्ता लिहून दिला होता. "पोचल्यावर दोन ओळी टाका रे. कसे आहात, काय शिकता, एवढंच." तेरापैकी एकाने, अहो एकाने तरी टाकावं! पाच वर्षं झाली. ज्यांच्या पाटीवर आपण हात धरून अक्षर गिरवून घेतलं, त्यांना दोन ओळी जड झाल्या. गुरुजींना हे रात्रंदिवस सलायचं. चिडायचे, मग स्वतःच म्हणायचे, असतील आपापल्या व्यापात. आणि पुन्हा चिडायचे.

त्या दिवशी हजेरी संपली, गुरुजींनी डोळे उघडले, तर पद्मावतीबाई दारात उभ्या. हातात विळीवरचं वांगं तसंच.

"अहो, एक विचारू? तुम्ही मधे मधे 'हजर' कशाला म्हणता?"

"मी? मी फक्त नावं घेतो."

"मग आज म्हणालात. काल पण. बत्तिसांना नाही, थोड्यांनाच. मी मोजलं, तेरा वेळा."

"तुझ्या कानाला झालंय काय?"

"माझ्या कानाला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "पोरासारखा आवाज काढता येतो तुम्हाला, हे मात्र मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं."

गुरुजी हसले. दुपारी जेवताना मात्र त्यांच्या लक्षात आलं की आपण बायकोला आकडा कधी सांगितलेलाच नव्हता. मुलं गेली हे तिला ठाऊक होतं, किती गेली हे नाही.

२

आता ही तेरा मुलं म्हणजे काय भानगड, ते सांगितलं पाहिजे.

छप्पनच्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. एक तुकडा आंध्राला, एक म्हैसूरला आणि आपला मराठवाडा मुंबईला. कचेऱ्यांच्या याद्या लागल्या. कालपर्यंत एका टेबलावर डबा खाणाऱ्यांपैकी एक औरंगाबादला, एक गुलबर्ग्याला, एक इथेच. मराठी बिऱ्हाडं उठायला लागली. जामबागेतल्या गुरुजींच्या शाळेत मराठी सातवीच्या वर्गात बत्तीस मुलं होती, ती संक्रांतीपर्यंत एकोणीस राहिली. आणि नियम असा, की पटावर पंचवीसच्या खाली डोकी गेली की तुकडी बंद. उरलेल्या पोरांनी जावं तेलुगूत नाहीतर उर्दूत, आणि नामदेवरावांनी जावं घरी.

गुरुजींनी कुणाची चोरी केली नाही, लाच खाल्ली नाही. त्यांनी एवढंच केलं, की गेलेल्यांची नावं पटावरून कमी केली नाहीत.

शाळेत हजेरीपटाला मान असतो. मूल शाळा सोडून गेलं की त्याच्या नावावर तांबड्या शाईची आडवी रेघ मारायची, शेवटच्या रकान्यात 'शाळा सोडली' लिहायचं आणि खाली तारीख घालायची. त्या तेरा नावांवर रेघ पडलीच नाही. रोज त्यांच्यापुढे 'ह' पडत गेला. त्यात गुरुजी नेमाचे पक्के! नाव पुकारल्याशिवाय 'ह' मांडणं त्यांच्या हातून होईना. मग त्यांनी उरलेल्या मुलांना नावं वाटून दिली. लिंबाजीचं नाव आलं की तू 'हजर' म्हणायचं, प्रयागचं आलं की तू. पोरांना काय, गंमतच. भामाच्या वाट्याला श्रीपती आला होता.

वर्ष संपलं, तसा नवा पेच. ही तेरा आठवीत चढवली तर ती दुसऱ्या मास्तरच्या पटावर जाणार आणि तो त्यांना शोधणार. म्हणून गुरुजींनी त्यांना कागदावर नापास केलं. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. खालून नवी पोरं चढत, आणि ही तेरा धरून पट कसाबसा बत्तीसवर राही. शाईने नापास झाल्याने कुणाला ताप येत नाही, असं ते मनाशी म्हणाले. श्रीपतीच्या नावापुढे तो शब्द लिहिताना तेवढा हात थबकला होता. साऱ्या शाळेत तसं डोकं नव्हतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर!

तपासणीच्या दिवशी पाचवीतली तेरा पोरं उसनी आणून बसवायची, अशी युक्ती होती. अठ्ठावन्न साली साहेब न कळवताच आले आणि पाचवी नेमकी कवायतीला मैदानावर. साहेबांनी दारात उभं राहून बोटाने मुलं मोजली आणि शेरेबुकात लिहिलं, 'हजर बत्तीस'. गुरुजींनी दोनदा वाचलं. साहेबांचा चष्मा बदलायला झाला असणार, दुसरं काय! संध्याकाळी त्यांनी मारुतीला नारळ फोडला आणि विषय मिटवला.

सन साठला गुरुजी रिटायर झाले आणि तुकडीही त्यांच्याबरोबर बंद झाली. पट भिंतीतल्या कपाटात तसाच राहिला.

३

बायकोचं ते बोलणं डोक्यातून जाईना. चार दिवसांनी भाजी घेताना भामा दिसली. पाच वर्षांपूर्वीची दोन शेंड्यांची पोर आता कोठीच्या कॉलेजात जाणारी तरुणी झाली होती, छातीशी वह्या धरलेली. तिने वाकून नमस्कार केला.

"गुरुजी! कसे आहात? एकदम वाळलात की हो."

गुरुजींना बरं वाटलं. एकीने तरी ओळख दिली. मग त्यांनी नेहमीचं सुरू केलं. अमका काय करतो, तमकीचं लग्न झालं का. आणि हळूच विचारलं, "त्या मराठवाड्याकडे गेलेल्यांची काही खबर? प्रयाग तुझी मैत्रीण होती ना?"

"दोन पत्रं घातली मी. जवाबच नाही. मग तिच्या आईचं आलं, प्रयाग बोलत नाही म्हणून." भामाने वह्या या हातातून त्या हातात घेतल्या. "गुरुजी, एक सांगू? रागवू नका. तुम्ही मला श्रीपतीचं 'हजर' म्हणायला लावलं होतं ना?"

"हो. छान म्हणायचीस."

"नाही हो. मी फक्त पहिला आठवडा म्हणाले. एक दिवस खोकला झाला होता, आवाजच बसला. तुम्ही नाव घेतलं, मी तोंड उघडलं, त्याच्या आधीच कुणीतरी म्हटलं. दुसऱ्या दिवशी पण. मग मला नक्को वाटायला लागलं, मी गप्पच बसले. सगळेच गप्प बसायला लागले. आम्ही एकमेकांत कधी बोललो नाही त्यावर."

"पोरं खोड्या करतात," गुरुजी म्हणाले. "मागच्या बाकावरून कुणीतरी..."

"हौ," भामा म्हणाली. "पण श्रीपती पुढच्या बाकावर बसायचा ना, गुरुजी. आवाज पुढूनच यायचा."

तिची बस आली. गुरुजींच्या पिशवीतले टोमॅटो घरी येईपर्यंत चेंगरले, इतकी त्यांनी पिशवी आवळून धरली होती.

४

दुसऱ्या सोमवारी सकाळी दहाला दार वाजलं. दारात नागोराव. सचिवालयात दफ्तरी होते, म्हणजे फायली शिवणं, रजिस्टरं बांधणं, कागद जागच्या जागी ठेवणं हे काम. सत्तावन्नच्या जानेवारीत औरंगाबादला गेलेले. श्रीपतीचे वडील! गुरुजींना इतका आनंद झाला की मागचं सगळं विसरायला झालं.

"या, या नागोराव! अगं, ऐकलंस का, चहा टाक. श्रीपतीचे वडील आलेत!"

"जय भीम, गुरुजी," नागोराव म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. केस पार पांढरे झाले होते.

"श्रीपती कसा आहे? मॅट्रिक झाला असेल! पहिला वर्ग ना? कॉलेजात घातलात की नाही? नुसतं कार्ड टाकलं असतं तरी मी..."

नागोरावांनी पिशवीतून एक सदरा काढला आणि टेबलावर पसरला. निळ्या रेघांचा, कॉलर विरलेला, बारा वर्षांच्या पोराच्या मापाचा.

"छप्पनच्या दिवाळीला शिवला व्हता. परवा त्याच्या अंगातून काढून धुतला आन् आणला." ते सदऱ्यावरून हात फिरवत राहिले. "अजून बराबर बसतो त्याला."

गुरुजी घाईने म्हणाले, "आजार असेल. काही मुलांची वाढ खुंटते. डॉक्टरला..."

"सगळे डॉक्टर झाले. पोरगं जेवतं, झोपतं. सकाळी साडेधाला मातुर जिथं असंल तिथं थांबतं. डोळे उघडे, पर समोर कोन हाय ते दिसत न्हाई. व्हट एकदा हालतेत. मग साडेचारला भानावर येतं. धा मिन्टं रडतं, का रडतं ते सांगत न्हाई. नव्या शाळंत मास्तरनं नाव पुकारलं, तर याला ऐकूच येईना. वर्षभरानं मास्तर म्हनला, घरी ठेवा." नागोरावांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली. "एकलं आमचंच न्हाई. नांदेडला लिंबाजी, परभनीला प्रयाग. तुमच्या वर्गाचीच समदी. आमी बापलोक गाठ पडली की एकमेकाकडं बघत बी न्हाई."

स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं होतं.

नागोरावांनी घडी घातलेला एक कागद काढला. जामबागेतल्या शाळेच्या ऑफिसातून आलेला. दाखल्यासाठी त्यांनी अर्ज केला होता, त्याचं उत्तर: 'सदर विद्यार्थ्याचे नाव अद्याप पटावरून कमी केलेले नाही. हजेरी पूर्ण. इयत्ता सातवीत चार वेळा नापास.'

"मी दफ्तरी मानूस," नागोराव म्हणाले. "कागदात काय ताकत असती ते मला ठावं हाय. एका यादीवर नाव आलं आन् आमी घरदार उचलून गेलो. त्यो पट बी मीच शिवून दिला व्हता तुमाला, आठवतं? पाच वर्षांचा जाड पाहिजे म्हनालात. तांबडं कापड, दुहेरी दोरा. माझ्या हातानं." आणि मग, आवाज न चढवता, "तुमी माझ्या पोराला नापास केलं, गुरुजी?"

तुकडीसाठी केलं, मराठीसाठी केलं, एकोणीस लेकरांसाठी केलं, अशी वाक्यं गुरुजींच्या ओठांपर्यंत आली आणि परत गेली.

"दुसऱ्या वर्गात त्याला येगळं बसवत व्हते," नागोराव म्हणाले. "तुमी पुढच्या बाकावर बसवला. आमच्या वस्तीत तुमचं नाव देवासारकं घेत व्हते. म्हनून भांडायला न्हाई आलो. त्याला सोडा, एवढंच."

पद्मावतीबाई बाहेर आल्या. चहा आणलाच नव्हता.

"जा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता उठा आणि नावं खोडून या. आणि जन्मात पुन्हा ती जपमाळ माझ्या घरात नको."

५

रिक्षात दोघं एकमेकांना चिकटून बसले होते, तरी बोलले नाहीत. शाळेत हेडमास्तर एकनाथराव खुशीत होते. "गुरुजी, तुमचा वर्ग आता अडगळीची खोली झालाय. जुनं दफ्तर पाहायचंय? खुशाल पाहा. फक्त कबुतरांना सांभाळा. साडेदहाला वर असा कालवा होतो, खालच्या वर्गाला शिकवू देत नाहीत."

गुरुजींनी मनगटावर पाहिलं. अकराला पाच कमी होते.

किल्ली घेऊन ते जिना चढले. वरच्या पायरीवर ते नागोरावांना म्हणाले, "तुम्ही इथेच बसा. हे माझं मला निस्तरू द्या." नागोरावांनी खिशातून तांबड्या शाईची दौत आणि टाक काढून दिला. घरून घेऊनच आले होते बिचारे.

कुलूप निघालं. वर्षभर बंद असलेल्या खोलीला कुबट वास यायला हवा. या खोलीला वास आला तो खडूचा, शाईचा आणि डब्यातल्या लसणाच्या चटणीचा. बाकं भिंतीला रचून ठेवलेली असतील असं गुरुजींना वाटलं होतं. ती ओळीने मांडलेली होती. सगळ्यांवर बोटभर धूळ. नाही, सगळ्यांवर नाही. काही जागा स्वच्छ होत्या, एका माणसाला पुरेल एवढ्याच. गुरुजींनी मोजल्या नाहीत. कबुतर एकही नव्हतं.

शाळेचा शिपाई झाडत असेल. दुपारी इथे कुणी झोपत असेल. गुरुजी स्वतःला समजावत टेबलापर्यंत गेले, भिंतीतलं कपाट उघडलं, तांबड्या कापडाचा पट बाहेर काढला आणि शेवटच्या पानांवर आले.

साठच्या एप्रिलनंतर पानं कोरी असायला हवी होती. कोरी नव्हती. बाकीचे रकाने रिकामे, पण तेरा नावांपुढे 'ह', 'ह', 'ह'. जून, जुलै, दिवाळी, पुन्हा जून. रविवार सोडलेला, सण सोडलेले. शेपटाला गाठ मारलेला तो 'ह' साऱ्या शाळेत एकच माणूस काढायचा. कालपर्यंतचे नव्हते, काल रविवार होता. शनिवारपर्यंतचे होते. आजचा रकाना तेवढा मोकळा होता.

गुरुजी खुर्चीवर बसले. मागे कुठलंही बाक करकरलं नाही, कुणी खाकरलं नाही. पण मास्तर खुर्चीवर बसला की वर्ग जसा गप्प होतो, तशी खोली गप्प झाली. एकतीस वर्षं त्यांनी ती शांतता ऐकली होती. ती रिकाम्या खोलीची नसते.

६

त्यांनी टाक शाईत बुडवला. सरळ रेघ मारून मोकळं व्हावं, एवढंच काम. पण नेम तो नेम. नाव पुकारल्याशिवाय हात हलेना.

"लिंबाजी."

"हजर."

तिसऱ्या ओळीतून आलं. गुरुजींनी मान वर केली नाही. त्यांनी नावावर तांबडी रेघ ओढली, शेवटच्या रकान्यात 'शाळा सोडली' लिहिलं आणि खाली आजची तारीख घातली. तारखेचा शेवटचा आकडा पुरा झाला न झाला तोच बाक सरकलं, अनवाणी पावलं त्यांच्या टेबलाजवळून दडदड गेली आणि जिन्यावरून खाली उतरली. दारातलं ऊन क्षणभर अडलं आणि पुन्हा पडलं.

"भुजंग." "हजर." रेघ, तारीख, पावलं.

"प्रयाग." तिचा आवाज तसाच, नाकातला. बांगड्या वाजल्या आणि गेल्या.

भीती वाटायला हवी होती. चौथ्या-पाचव्या नावापर्यंत वाटलीही. पण मग दुसरंच काही आतून वर यायला लागलं. एकजण थांबेना! तारीख पडली की सुटलीच पोरं, घंटेनंतर सुटतात तशी. वळून बघणं नाही, 'येतो गुरुजी' नाही. चंपत गेला, ज्याला त्यांनी स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं होतं. गोदावरी गेली, जिच्या आजारपणात ते रोज घरी जाऊन शिकवून यायचे. इतकी वर्षं रोज नाव घेतलं मी तुमचं, गुरुजींच्या मनात आलं. तुमच्या आईबापांनी घेतलं नसेल इतक्या मायेने घेतलं. आणि तुम्ही असे पळता? कसला तुरुंग होता हा?

दहा. अकरा. बारा.

खोली हलकी झाली होती. खडूचा वास उतरला होता, आता कुबट यायला लागला होता. श्रीपती वर्षाच्या मध्येच दाखल झालेला, म्हणून पटावर शेवटचा.

"श्रीपती," गुरुजी म्हणाले.

"हजर, गुरुजी."

बाकीच्या बारांनी नुसतं 'हजर' म्हटलं होतं. ह्याने गुरुजी म्हटलं.

आणि नामदेवरावांनी मान वर केली.

पुढच्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, उन्हात धूळ तरंगत होती. त्या धुळीत एक हात वर होता. मनगटापर्यंत निळ्या रेघांची बाही, तर्जनीला शाईचा डाग. तोच सदरा त्यांनी तासाभरापूर्वी आपल्या टेबलावर पसरलेला पाहिला होता. हाताच्या खाली काय होतं ते त्यांनी पाहिलं, की नाही पाहिलं, हे पुढे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. हात मात्र होता. प्रश्न विचारायला वर केलेला, नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी, आणि धरून ठेवून ठेवून थरथरायला लागलेला.

तांबड्या शाईचा थेंब टाकाच्या टोकाला जमला होता. एक रेघ, दोन शब्द, एक तारीख. मग हा बाक सरकेल, पावलं जातील, दाराशी ऊन अडेल, आणि मागे राहील कबुतरांची खोली आणि एक म्हातारा. कुणाचाच मास्तर नसलेला.

एक तरी राहू दे, गुरुजींना वाटलं. बारा दिले की मी.

त्यांनी टाक टिपकागदावर पुसला. तांबडी शाई पुसून जाईपर्यंत पुसला. मग टेबलाच्या खणातली काळ्या शाईची दौत उघडली. वाळली नव्हती. आजच्या मोकळ्या रकान्यात त्यांनी शेपटाला गाठ मारून 'ह' काढला.

बाहेर नागोराव उभेच होते. चेहरा उजळला होता. "बारा येळा वारं गेलं माझ्या अंगावरून, गुरुजी! पोरं खिदळत व्हती. बारा मोजले. माझा..."

"तुमचा सगळ्यांच्या आधी सोडला," गुरुजी म्हणाले. "तुम्ही पायरीवर टेकायच्याही आधी. पोचला असेल एव्हाना."

नागोराव वाकले आणि त्यांनी गुरुजींच्या पायांना हात लावला. ओले हात होते. गुरुजी मागे सरकले, पण मागे भिंत होती.

७

पुढच्या आठ दिवसांत कार्डं आली. एकेक करून बारा. जुनी, पिवळी पडलेली, पत्ता गुरुजींनीच पाच वर्षांपूर्वी लिहिलेला. प्रत्येकावर बारा वर्षांच्या पोराच्या अक्षरात एकच ओळ: 'गुरुजी, सुखरूप पोचलो.' त्याखाली कुणी 'आपण कसे आहात' म्हणून विचारलं नव्हतं. पद्मावतीबाईंनी ती देवापुढे ठेवली आणि दोनदा मोजली.

"अहो, बाराच आहेत. श्रीपतीचं?"

"येईल. टपालाचं काय सांगावं."

पंधराव्या दिवशी औरंगाबादहून पाकीट आलं. आत नागोरावांचं पत्र, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'नांदेडचा लिंबाजी चार बोटं वाढला म्हणतात. प्रयाग बोलू लागली, सगळ्यांच्या घरी आनंद आहे. आमच्या श्रीपतीला अजून फरक नाही. उलट आता साडेदहाला त्याचा उजवा हात वर जातो आणि साडेचारपर्यंत खाली येत नाही. त्याची आई हात चोळत बसते. आपण सोडला म्हणालात, त्या शब्दावर आमचा विश्वास आहे. सर्वांत आधी सोडला म्हणून कदाचित वाट चुकला असेल. काही उपाय असेल तर दोन ओळी टाकाव्या.'

गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. उत्तर लिहायला घेतलं नाही. त्याच खिशात शाळेतल्या वरच्या खोलीची किल्लीही होती. एकनाथराव मागायला विसरले होते.

"वाचनालयात जाऊन येतो," ते म्हणाले. पद्मावतीबाईंनी मान वर केली नाही. आठ दिवस झाले, त्या त्यांच्याशी बोलतच नव्हत्या.

साडेदहाला पाच मिनिटं असताना गुरुजींनी जामबागेतल्या वरच्या खोलीचं कुलूप काढलं, कोट खुंटीला लावला आणि पट उघडला. एकच नाव होतं. त्यांनी ते पुकारलं, उत्तर ऐकलं, 'ह' मांडला. मग पुढच्या बाकाकडे पाहिलं. हात वर होता.

"खाली घे, बाळ," गुरुजी मायेने म्हणाले. "काय विचारायचंय ते मला माहीत आहे. अजून घंटा व्हायचीय."